डॉक्टरांच्या हॉस्पिटल कंपन्या आणि अल्पसंख्य भागधारकांचे हक्क

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

खासगी कंपन्यांना आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. त्या सुमारास जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांतील अनेक डॉक्टरांकडे सभेची नोटीस आणि ताळेबंदाची प्रत येते, शस्त्रक्रिया आणि ओपीडी यांच्या मधल्या वेळात हजेरीच्या वहीवर सही होते आणि सर्व ठराव एकमताने मंजूर झाल्याची नोंद इतिवृत्तात पडते. आठ-दहा डॉक्टरांनी मिळून काढलेल्या हॉस्पिटलच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांत ज्यांच्याकडे थोडे भाग (शेअर) आहेत, अशा डॉक्टरांच्या हक्कांकडे आपल्या वाचकांचे, विशेषतः अशा कंपनीत नव्याने पैसे घालू पाहणाऱ्या तरुण डॉक्टरांचे, लक्ष वेधावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. मी भूलतज्ज्ञ आहे आणि अशाच एका कंपनीची अल्पसंख्य भागधारक आहे.

सनदी लेखापालांना आपला व्यवसाय कंपनीच्या रूपात करता येत नाही. १९४९ च्या त्यांच्या कायद्यात कलम २५ ने तशी थेट मनाई केली आहे, म्हणून ते भागीदारीत किंवा एलएलपीत (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीत) एकत्र येतात. डॉक्टरांना मात्र हॉस्पिटल चालवणारी कंपनी काढता येते, आणि मध्यम शहरांत ती निघते तिची रीत बहुतेक ठिकाणी सारखीच असते. एक सर्जन आणि एक फिजिशियन पुढाकार घेतात, त्यांच्यापैकी एकाची किंवा त्याच्या कुटुंबाची जागा असते, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, अस्थिरोगतज्ज्ञ, पॅथॉलॉजिस्ट आणि भूलतज्ज्ञ आपापल्या ऐपतीप्रमाणे भाग घेतात आणि बँकेचे कर्ज उभे राहते. कंपनी काढण्याचे कारण म्हणून मर्यादित जबाबदारीचा, म्हणजे कंपनीच्या कर्जापायी भागधारकाची खासगी मालमत्ता धोक्यात येत नाही हा, मुद्दा सांगितला जातो. प्रत्यक्षात बँक सगळ्या संचालकांची वैयक्तिक हमी मागते आणि पाच टक्के भाग असलेला डॉक्टरही संपूर्ण कर्जाच्या हमीपत्रावर सही करतो. म्हणजे मर्यादित जबाबदारीचा जो मुख्य फायदा, तो पहिल्याच दिवशी निघून जातो, आणि कंपनी या रचनेतले तोटे तेवढे शिल्लक राहतात.

हे तोटे कोणते, हे भागीदारीच्या कायद्याशी ताडून पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. भारतीय भागीदारी कायदा १९३२ चा आहे. त्याच्या कलम ९ नुसार भागीदारांनी एकमेकांशी न्यायाने आणि विश्वासाने वागले पाहिजे आणि खरे हिशेब व पूर्ण माहिती दिली पाहिजे. कलम १२ नुसार प्रत्येक भागीदाराला, त्याचा वाटा कितीही लहान असो, फर्मच्या वह्या पाहण्याचा आणि त्यांच्या प्रती घेण्याचा हक्क आहे. कलम ३३ म्हणते की करारात तसा अधिकार दिलेला असेल आणि तो सद्भावनेने वापरला जात असेल, तरच बहुमताने एखाद्या भागीदाराला काढता येते. कंपनीत यातले जवळजवळ काहीच आपोआप मिळत नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२८ नुसार हिशेबाच्या वह्या पाहण्याचा अधिकार संचालकाला आहे, भागधारकाला नाही. कायद्याला जोडलेल्या नमुना नियमावलीतही (म्हणजे कंपनीच्या अंतर्गत कारभाराच्या नियमांच्या नमुन्यातही), संचालक मंडळाने किंवा सर्वसाधारण सभेने परवानगी दिल्याखेरीज सभासदाला वह्या पाहता येणार नाहीत, असेच लिहिले आहे, आणि बहुतेक हॉस्पिटल कंपन्यांची नियमावली ही त्या नमुन्याचीच नक्कल असते. मित्रामित्रांनी परस्परांवरच्या विश्वासावर उभारलेला व्यवसाय कागदावर अशा साच्यात बसतो, ज्यात विश्वासाचे कर्तव्य भागधारकांनी एकमेकांचे देणे लागतच नाही.

संचालकपद आहे तोवर हे जाणवत नाही. पण कलम १६९ नुसार संचालकाला साध्या बहुमताने काढता येते. त्यासाठी विशेष नोटीस द्यावी लागते आणि त्याला आपले म्हणणे मांडू द्यावे लागते, मात्र कारण सिद्ध करावे लागत नाही. संचालकपद गेले की वह्या बंद होतात, आणि त्यानंतर नफा कुठे गेला हे विचारण्याचे साधन उरत नाही. लाभांश जाहीर करण्याची सक्ती कंपनीवर नाही. ज्यांच्या हाती कारभार आहे त्यांची व्यावसायिक फी, संचालक म्हणून मानधन, हॉस्पिटलच्या जागेचे भाडे, संचालकाच्या पत्नीच्या किंवा भावाच्या नावावर असलेल्या मेडिकल स्टोअरला दिलेली जागा, यंत्रसामग्रीच्या देखभालीची कंत्राटे, या सर्व वाटांनी पैसा बाहेर पडल्यावर ताळेबंदात जो नफा उरतो त्यातून लाभांश द्यायचा झाला तरी तो नाममात्र असतो. यातली प्रत्येक बाब गैर असते असे माझे म्हणणे नाही; जागा ज्याची आहे त्याला भाडे मिळालेच पाहिजे आणि रात्री-अपरात्री धावून येणाऱ्या सर्जनला त्याची फी मिळालीच पाहिजे. प्रश्न दर कोण ठरवतो हा आहे. सार्वजनिक कंपनीत अशा व्यवहाराला भागधारकांची मंजुरी लागते तेव्हा त्यात ज्याचे हितसंबंध गुंतलेले आहेत त्या भागधारकाला त्या ठरावावर मत देता येत नाही. कलम १८८ मधली ही अट केंद्र सरकारने ५ जून २०१५ च्या अधिसूचनेने खासगी कंपन्यांपुरती काढून टाकली. परिणामी साठ टक्के भाग असलेला डॉक्टर आपल्याच जागेचे भाडे आपल्याच मताने मंजूर करून घेऊ शकतो आणि ते कायद्यात बसते. व्यवसाय सुलभतेच्या नावाखाली दिलेल्या सवलतींपैकी ही एक सवलत छोट्या व्यावसायिक कंपन्यांत फार महागात पडते आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमच्या कंपनीत मेडिकल स्टोअरच्या भाड्याविषयी मी विचारणा केली तेव्हा, ‘तुम्हाला तुमच्या केसेसचे पैसे वेळेवर मिळतात ना, मग हे कशाला?’ असा प्रश्न मला भर सभेत विचारला गेला. त्या प्रश्नात या विषयाचा गाभा आहे. भूलतज्ज्ञ, पॅथॉलॉजिस्ट, रेडिओलॉजिस्ट यांचे काम दुसऱ्या डॉक्टरांनी बोलावण्यावर अवलंबून असते. भागधारक म्हणून हक्क मागितला की उद्यापासून शस्त्रक्रियेच्या यादीत दुसऱ्या कुणाचे नाव येऊ शकते, आणि त्याविरुद्ध कुठेही दाद मागता येत नाही, कारण कोणत्या भूलतज्ज्ञाला बोलवावे हे ठरवण्याचे सर्जनला स्वातंत्र्य आहे, आणि ते असायलाही हवे. मोठ्या कंपनीतला अल्पसंख्य भागधारक कंटाळला तर शेअर बाजारात भाग विकून मोकळा होतो. आम्हाला बाजार नाही, कारण खासगी कंपनीच्या व्याख्येतच भाग हस्तांतरणावर निर्बंध अभिप्रेत आहेत. आमची उपजीविका, आमची बचत आणि आमची हमी या तिन्ही गोष्टी एकाच इमारतीत अडकलेल्या असतात.

इंग्लंडमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने १९७२ साली निकाल दिलेल्या एब्राहिमी प्रकरणाचा अभ्यास प्रत्येक भागधारक डॉक्टरने करावा, असे मला वाटते. गालिच्यांच्या व्यापारातील दोन भागीदारांनी १९५८ मध्ये आपल्या व्यवसायाची कंपनी केली. काही काळाने त्यांच्यापैकी एकाचा मुलगा संचालक म्हणून आला, आणि त्याला देण्यासाठी दोघांनीही आपापले काही भाग सोडले. कंपनीने लाभांश कधीच दिला नव्हता. सगळा नफा संचालकांच्या मानधनातून वाटला जाई. बाप-लेकाचे मतभेद दुसऱ्या भागीदाराशी झाले तेव्हा त्यांनी १९६९ मध्ये बहुमताने त्याला संचालकपदावरून काढले, आणि त्याच क्षणी त्याचे उत्पन्न शून्यावर आले. कायद्याच्या अक्षरानुसार काहीही चुकले नव्हते. तरीही न्यायालयाने म्हटले की जी कंपनी वैयक्तिक संबंध आणि परस्पर विश्वासावर उभी आहे, जिच्यात सर्वांनी कारभारात भाग घ्यायचा अशी समजूत आहे आणि जिच्यातले भाग सहजी विकता येत नाहीत, तिथे कागदावरच्या अधिकारांपलीकडे जाऊन न्याय काय हे पाहावे लागते, आणि कंपनी विसर्जित करण्याचा खालच्या न्यायालयाचा आदेश पुन्हा लागू केला. गालिच्यांच्या जागी शस्त्रक्रियागृह ठेवले तर महाराष्ट्रातल्या कितीतरी हॉस्पिटल कंपन्यांचे वर्णन यात सापडेल.

आपल्याकडे मात्र हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने हात राखून स्वीकारले आहे. १९७६ च्या हिंद ओव्हरसीज प्रकरणात न्यायालयाने कंपनी मुळात भागीदारीसारखी होती हे पुराव्याने दिसले पाहिजे, असे धोरण घेतले आणि त्या प्रकरणात विसर्जन नाकारले. १९६५ च्या कलिंगा ट्यूब्ज प्रकरणापासून दडपशाही (जिच्याविरुद्ध भागधारकाला कायद्याने दाद मागता येते) म्हणजे एखादा एकटा अप्रिय निर्णय नव्हे, तर भागधारकावर जाचक, कठोर आणि अन्याय्य ठरणाऱ्या वर्तनाची सलग मालिका, अशी कसोटी रुळली आहे. २०२१ च्या टाटा सन्स प्रकरणातही केवळ पदावरून काढणे ही दडपशाही ठरत नाही, हे न्यायालयाने स्पष्ट केले. म्हणून आपली कंपनी खरोखर विश्वासावर उभारली होती, सर्वांनी कारभारात असावे असे ठरले होते, याचा लेखी पुरावा ज्याच्याकडे आहे त्याची बाजू टिकते. आपल्या क्षेत्रात अशा समजुती चहाच्या टेबलावर होतात आणि कागदावर उतरत नाहीत.

अल्पसंख्य भागधारकाला बाजूला सारण्याचा दुसरा मार्ग नव्या भागांचा. कंपनीला एमआरआय यंत्र घ्यायचे आहे किंवा मजला वाढवायचा आहे, म्हणून हक्कभाग काढले जातात. कलम ६२ नुसार ते विद्यमान भागधारकांना त्यांच्या प्रमाणात देऊ करावे लागतात, पण प्रस्ताव स्वीकारण्याची मुदत नियमांनुसार सात दिवसांपर्यंत खाली आणता येते. ज्याच्या घराचे आणि मुलांच्या शिक्षणाचे हप्ते चालू आहेत त्या डॉक्टरला एका आठवड्यात वीस-पंचवीस लाख उभे करणे शक्य नसते, आणि न घेतलेले भाग संचालक मंडळ इतरांना वाटू शकते. बारा टक्क्यांचा भागधारक अशा दोन फेऱ्यांत पाच टक्क्यांवर येतो. गरज खरी असेल तर याला इलाज नाही. पण वाटपाचा खरा हेतू ताबा मिळवणे हा असेल तर ते टिकत नाही, हे डेल अँड कॅरिंग्टन प्रकरणात २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. त्यात कंपनीच्या कारभार पाहणाऱ्या संचालकाने स्वतःला भाग वाटून घेऊन बहुसंख्य भागधारकाला अल्पसंख्य केले होते आणि ते वाटप रद्द झाले. संचालकाचा अधिकार विश्वस्ताच्या भूमिकेतून वापरायचा असतो, हा त्या निकालाचा आधार आहे.

आता जे हक्क आजही हातात आहेत त्यांच्याबद्दल, कारण ते बहुतेक डॉक्टरांना माहीतच नसतात. सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते कोणत्याही सभासदाला पाहता येतात आणि मागितल्यावर कामकाजाच्या सात दिवसांत प्रती मिळाल्या पाहिजेत. लेखापरीक्षित ताळेबंद सभेपूर्वी मिळण्याचा हक्क आहे. कंपनीने निबंधकाकडे दाखल केलेली कागदपत्रे, म्हणजे ताळेबंद, वार्षिक विवरण, भागवाटपाचे विवरण, ही कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शंभर रुपये शुल्क भरून कुणालाही पाहता येतात. आपल्याच कंपनीत कुणाला केव्हा किती भाग दिले गेले हे काही डॉक्टरांना तिथेच प्रथम कळते. वार्षिक सभाच घेतली नसेल तर एकटा सभासदही कलम ९७ खाली राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे ती बोलावण्याची मागणी करू शकतो. एक दशांश भाग असतील तर विशेष सभा बोलावता येते. विशेष ठरावाला बाजूची मते विरोधी मतांच्या किमान तिप्पट लागतात, म्हणून पंचवीस टक्क्यांहून अधिक मते एकत्र ठेवणाऱ्या दोघा-तिघांना नियमावलीतला बदल रोखता येतो.

दडपशाही आणि गैरव्यवस्थापनाविरुद्ध कलम २४१ खाली अर्ज करण्याच्या पात्रतेविषयी एक मोठा गैरसमज आहे. आपल्याकडे दहा टक्के भाग नाहीत म्हणून आपण काही करू शकत नाही, असे अनेक डॉक्टर धरून चालतात. भागभांडवल असलेल्या कंपनीत कलम २४४ दोन वेगळ्या कसोट्या देते: एक दशांश भागभांडवल, किंवा सभासदसंख्येच्या एक दशांश सभासद अथवा शंभर सभासद, यांपैकी जो आकडा कमी तो. नऊ किंवा दहा सभासदांच्या कंपनीत एकटा सभासद ही डोकेमोजणीची कसोटी पूर्ण करतो, मग त्याच्याकडे तीनच टक्के भाग का असेनात. त्याने भागांची सर्व रक्कम भरलेली असली म्हणजे झाले. याच कारणाने सभासदसंख्येवर लक्ष ठेवले पाहिजे. बहुसंख्याकांनी पत्नी, मुले आणि भाऊ यांच्या नावे थोडे थोडे भाग केले आणि सभासद दहाचे पंचवीस झाले, तर एकट्याची पात्रता नाहीशी होते. मग न्यायाधिकरणाकडे अट शिथिल करण्याची विनंती करावी लागते. ती मान्य होऊ शकते, पण ती पायरीच आणखी एक लढा असते.

पात्रता असूनही मार्ग सोपा नाही. महाराष्ट्रासाठी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाचे खंडपीठ मुंबईत आहे. २०१६ मध्ये स्थापन झालेल्या या न्यायाधिकरणावर त्याच वर्षी दिवाळखोरी संहितेचे कामही आले, आणि कोट्यवधींच्या दिवाळखोरीच्या प्रकरणांच्या रांगेत नांदेड किंवा सांगलीच्या हॉस्पिटलमधल्या दोन डॉक्टरांचा वाद मागे पडतो. अर्ज तीन महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कलम ४२२ म्हणते; तसे घडलेले मी तरी पाहिलेले नाही. लवादाचा पर्यायही मर्यादित आहे, कारण दडपशाहीच्या तक्रारीवर द्यायचा दिलासा लवादाच्या कक्षेबाहेरचा आहे असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये म्हटले आहे. कलम ४४२ खाली मध्यस्थीची सोय आहे आणि दोन्ही बाजूंनी तयारी दाखवली तर छोट्या गावातल्या डॉक्टरांसाठी तीच सर्वांत कमी हानीची वाट आहे, कारण निकाल काहीही लागला तरी दुसऱ्या दिवशी त्याच रुग्णाच्या खाटेशेजारी दोघांना उभे राहायचे असते.

म्हणून माझा आग्रह असा, की हक्क कंपनी काढतानाच नियमावलीत लिहून घ्यावेत. वेगळा भागधारक करार करून ठेवणे पुरेसे नाही. नियमावलीत नसलेला भाग हस्तांतरणाचा निर्बंध कंपनीवर बंधनकारक नाही, असा निकाल रंगराज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दिला आहे. २०१३ च्या कायद्याच्या कलम ५ मुळे नियमावलीतील काही कलमे विशेष ठरावापेक्षा कठीण अटीखाली ठेवता येतात, म्हणजे उद्या पंचाहत्तर टक्के मते जमवूनही ती बदलता येऊ नयेत अशी तजवीज करता येते. ती सोय डॉक्टरांच्या कंपन्यांत वापरलेली मला क्वचितच दिसली. प्रत्येक भागधारक डॉक्टरला वह्या पाहण्याचा हक्क, हितसंबंध असलेल्याला त्या ठरावावर मत न देण्याची अट, ठरावीक वाटा असणाऱ्याला संचालकपदाची हमी, नव्या भागांची किमान तीन महिने आधी सूचना आणि संचालकपद गेल्यास बँकेच्या हमीतून मुक्त करण्याची कंपनीची जबाबदारी, एवढे तरी त्यात असावे.

सर्वांत काळजीपूर्वक लिहायचे ते बाहेर पडण्याच्या किमतीचे कलम. बहुतेक नियमावल्यांत जाणाऱ्याने आपले भाग आधी इतर सभासदांना ‘योग्य किमतीला’ द्यावेत एवढेच असते, आणि योग्य किंमत संचालक मंडळ किंवा कंपनीचाच लेखापरीक्षक ठरवतो. जमीन कंपनीच्या मालकीची असेल तर ती वीस वर्षांपूर्वीच्या खरेदी किमतीला वह्यांत पडून असते, आणि त्या आकड्यावर भागाची किंमत काढली तर जाणारा डॉक्टर आपल्या आयुष्याची कमाई मागे ठेवून जातो. नोंदणीकृत मूल्यांकनकर्ता दोन्ही बाजूंच्या संमतीने नेमला जावा, जमीन आणि इमारत बाजारभावाने धरली जावी, आणि अल्पसंख्य वाटा आहे म्हणून किमतीत कपात करू नये, हे तिन्ही मुद्दे शब्दांत यायला हवेत. भागधारक डॉक्टरचे निधन झाल्यावर त्याच्या पत्नीच्या किंवा पतीच्या नावावर भाग येतात. त्या व्यक्तीला लाभांश नाही, माहिती नाही आणि विकत घेणाराही नाही अशी अवस्था मी पाहिली आहे. वारसाने मागणी केल्यास ठरावीक मुदतीत कंपनीने किंवा इतर सभासदांनी त्याच मूल्यांकनाने भाग घेतलेच पाहिजेत, असे बंधन असावे. बहुसंख्याकांनाही याचा उपयोगच आहे, कारण आज ज्याचे साठ टक्के आहेत त्याच्याही घरात उद्या वारसांची वाटणी होणार आहे.

माझ्या दोन विनंत्या आहेत. डॉक्टरांच्या संघटनांनी, विशेषतः इंडियन मेडिकल असोसिएशनच्या राज्य शाखेने, अनुभवी कंपनी सचिव आणि वकील यांच्या मदतीने हॉस्पिटल कंपन्यांसाठी एक नमुना नियमावली मराठीत आणि इंग्रजीत तयार करावी, आणि आपल्या सदस्यांच्या अशा वादांसाठी मध्यस्थांची एक यादी ठेवावी. आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०१५ च्या अधिसूचनेतील हितसंबंधी भागधारकाच्या मतदानाची सवलत, निदान ज्या खासगी कंपन्यांत सभासद स्वतः व्यवसाय करतात आणि ज्यांच्या कर्जाला सभासदांची वैयक्तिक हमी आहे, तिथे मागे घ्यावी.

आपली,
एक भागधारक भूलतज्ज्ञ, पश्चिम महाराष्ट्र